वरच्या ओळींतली वाकडी पानं

१

सकाळी विजयसिंह बागेत शिरला आणि पहिल्याच वेलीपाशी थबकला.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं तळहातासारखी उघडायला हवी होती. ती मिटत्या पंख्यासारखी आखडली होती. कडांचे दात लांबोडके झाले होते आणि शेंडे आत वळले होते. त्यानं पुढची वेल पाहिली, मग तिच्या पुढची. ओळभर तेच. हातातली बादली तिथंच टाकून तो ओळीच्या टोकापर्यंत पळत गेला.

त्या टोकाला, शेडाच्या मागं, गवतात एक बाटली पडली होती. उसात मारायच्या तणनाशकाची.

विजयसिंहानं ती उचलली, उताराखाली पसरलेल्या थोरल्या भावाच्या हिरव्यागार उसाकडे पाहिलं आणि घराकडे तोंड करून ओरडला, "सोनम! दादानं बाग मारली आपली!"

दुपारपर्यंत बातमी वस्तीभर झाली. विजयसिंह म्हणाला, दिवस मावळायच्या आत मी भावावर पोलिसात तक्रार देणार. त्यावर संभाजीनं निरोप धाडला, "पोलिसांची गाडी माझ्या दारात आली, की त्याच दिवशी विहिरीतला पाइप बाहेर निघंल."

विहीर संभाजीच्या रानात होती. पाणी दोघांचं, पाळीपाळीनं. पाइप निघाला तर माळावरची उरलेली बागही वाळणार होती.

विजयसिंहाच्या बायकोनं, सोनमनं, मग जळोचीला फोन लावला. दोन्ही भावांना शाळेत भूगोल शिकवलेल्या मंदाकिनीबाई तिथं राहत होत्या.

"बाई, आजच या. उद्या आलात तर उपयोग न्हाय."

२

मंदाकिनीबाई एसटीनं फाट्यावर उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत दिवाळीच्या फराळाचे दोन डबे. सोनम स्कूटी घेऊन उभीच होती.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नीरेचा डावा कालवा बारामतीकडून इंदापूरकडे जातो. त्याच्या खाली नदीपर्यंत काळी जमीन, तिथं ऊस. कालव्याच्या वर मुरमाड माळ, तिथं पूर्वी कुसळं उगवायची. माळाच्या पायथ्याची, कालव्याच्या अलीकडची काळी पट्टी संभाजीला गेली आणि विजयसिंहाच्या वाटणीला तो माळ आला होता. लोक हळहळले. पण वाइनच्या द्राक्षाला भुकेली जमीनच मानवते. मुरमात पाणी थांबत नाही, वेल ताणावर राहते, मणी लहान राहतो आणि त्यातला रस दाट होतो. काळ्या रानात हीच वेल नुसती पानांनी माजते.

एकच अडचण. खायचं द्राक्ष दहा व्यापारी घेतात. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते बाजारात कुणी विचारत नाही. ज्या कंपनीशी करार, तीच काय ती घेणार. तिनं पाठ फिरवली तर माल पाखरांना.

त्या कंपनीचा माणूस मिहिर बागेत आलेला होता. मूळ पुण्याचा, बूट मुरमानं पांढरे झालेले.

"टू-फोर-डी," तो पान उलटंपालटं करत म्हणाला. "शंकाच नाही, बाई. हे तणनाशक रुंद पानाचं तण मारतं आणि गवताला सोडतं. ऊस म्हणजे गवताचाच भाऊबंद, त्याला काही होत नाही. द्राक्ष मात्र रुंद पानाचं. वाऱ्यावर उडून आलेला अंशसुद्धा पुरतो."

"म्हणजे वाऱ्यानं आलं?"

"खालच्या उसात फवारलं की येतंच. पण विजयसिंह म्हणतात मुद्दाम मारलं. तसं असेल तर..." तो थांबला. "उद्या आमचे साहेब येताहेत. भावाभावांच्या भांडणात सापडलेली बाग कंपनी ठेवत नाही."

बाईंनी काठी उचलली. त्या ओळींमधून उतार उतरू लागल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाई मुरमावरून काठी टेकत टेकत थेट खाली बांधापर्यंत गेल्या. बांधापलीकडे संभाजीचा कोवळा ऊस होता. त्या शेवटच्या ओळीत वाकल्या, पानं न्याहाळली, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"काय झालं बाई?" सोनम घाबरून धावली.

"सोनम," बाई हळूच म्हणाल्या, "उसाच्या अगदी कडेची ही पानं बघ. एकही वाकडं नाही."

३

विजयसिंह शेडात बसला होता. बाईंना पाहून उठला, वाकून पाया पडला आणि लगेच बाटली पुढं केली.

"ह्यो घ्या पुरावा."

बाईंनी बाटली उजेडात धरली. आतून स्वच्छ विसळलेली, बूच घट्ट लावलेलं.

"वारा कुठून येतो रे या दिवसांत?"

"आँ?"

"चौथीत शिकवलंय तुला."

विजयसिंह त्याही अवस्थेत खजील झाला. "ईशान्येकडनं."

"तिकडं बघ." कालव्यापलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर नदीकडे सरकत होता. "वारा तुझ्या बागेकडून उसाकडे जातो. तुझ्या दादाच्या फवारणीचा अंश उलटा चढून वर आला, आणि येताना खालच्या ओळी सोडून आला? जमेल का?"

"तेच म्हणतो मी! वाऱ्यानं न्हायच आलं. वर येऊन मारलंय. मी पुण्याला बैठकीला गेलो हुतो, ती संधी साधली."

"असेल. पण विष मारायला चोरून आलेला माणूस बाटली विसळून, बूच लावून टाकतो का?"

विजयसिंहानं बाटलीकडे पाहिलं. तरी तो म्हणाला, "बाई, तुमी काय बी म्हणा. भावकीतल्या एका लग्नात त्यानं चारचौघांत मला दारूवाला म्हटलं. तवापासनं बोलणं बंद हाय. दिवस मावळला की मी निघणार."

शेडाच्या कोपऱ्यात चाकांवरची फवारणीची टाकी उभी होती. तिला पंप आणि लांब नळी.

"पुण्याहून आल्यावर फवारलंस?"

"दुसऱ्याच दिवशी. करपा, केवडा, असल्या रोगाला थांबून चालत न्हाय. ह्या वरच्या ओळीपासनं सुरू केलं, आन् टाकी भरत भरत खाली गेलो. नेहमीचं."

"औषध कुणाचं?"

"मिहिरसाहेबांनी दिल्यालं."

बाईंनी वळून पाहिलं. दारात मिहिर उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे आता माझ्यावर का?" तो म्हणाला.

"तेच औषध दुसऱ्यांना दिलंस?"

"या भागातल्या सगळ्या बागांना. एकाच खोक्यातलं."

"त्यांची पानं?"

"सरळ आहेत. सकाळीच फोन केले मी सगळ्यांना. भीतीच वाटली होती."

बाईंनी मान डोलावली. मग सोनमकडे वळल्या. "पाणी दे गं थोडं."

सोनम त्यांना घरात घेऊन गेली. बाईंनी फराळाचा एक डबा तिच्या हातात दिला आणि टेकता टेकता फळीवर नजर टाकली. स्टीलचा एक डबा तिथं पालथा घातला होता. त्याच्या बुडाशी नाव कोरलं होतं. बाईंनी चष्मा वर केला.

सौ. कौसल्या संभाजी.

ज्या दोन घरांत त्या लग्नापासून बोलणं बंद होतं, त्यातल्या थोरल्या घरचा डबा धाकट्या घरच्या फळीवर होता. सोनमनं बाईंची नजर पाहिली, आणि पटकन पुढं होऊन त्यावर फडकं टाकलं.

४

फाट्याकडच्या रस्त्यावर एक माणूस गाडीला टेकून माळाकडे बघत उभा होता. ऋषिराज. तो रस्त्याकडेच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडायचा, आणि विजयसिंहाचा माळ त्यानं दोनदा मागितला होता.

"आलाच का बघायला?" बाईंनी विचारलं.

"बाई, नमस्कार. मला म्हाईत हाय लोक काय म्हणत्यात." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "मला बाग मारायची असती तर पानाला कशाला हात लावला असता? पाणी तोडलं असतं. आन् आता तर दोघं भाऊ मिळून तेच करायला निघाल्यात, मी फुकटचा बदनाम."

"विजयसिंह पुण्याला होता तेव्हा तू इथं आलास."

तो चपापला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तू आत्ता म्हणालास."

ऋषिराजनं कान पकडले. "शाळेत बी असंच पकडायचा तुमी. आलो हुतो. सोनमवहिनीला म्हटलं, पुन्हा विचारून बघावं. पण शेडात कुणीच नव्हतं. फवारणीची टाकी तेवढी भरून ओसंडत हुती, पाइपाचा वाल उघडाच. मीच बंद केला."

"पाणी वाहत होतं? शेडात?"

"व्हय. आन् गंमत म्हणजे पाळी संभाजीआबांची हुती. त्यांचा गडी गेणबा खाली उसाला पाण्याची दारं मोडत हुता, मी बघितलं ना येताना. म्हटलं, हे भाऊ एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, आन् आबांच्या पाळीचं पाणी विजयसिंहाच्या टाकीत कसं?"

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे विजयसिंहाला सांगितलंस?"

"त्याला? त्यो मलाच बडवायला बसलाय."

"मग अजून तासभर कुणालाच सांगू नकोस. आणि जाऊ नकोस कुठं."

सूर्य उसाच्या शेंड्यांकडे झुकायला लागला होता.

५

संभाजी अंगणात बाजेवर बसला होता. गळ्यात तुळशीची माळ, आवाजात धार.

"बाई, तुमी आलाय म्हणून बोलतोय. वाडवडिलांच्या रानात ह्यानं दारूची द्राक्षं लावली. ती जळाली, तर देवानं जाळली."

"तुझ्या उसाची मळी कारखान्यातून दारूच्याच भट्टीत जाते ना रे?"

आतून कौसल्येचं हसू ऐकू आलं आणि लगेच दाबलंही गेलं.

"ते वेगळं," तो पुटपुटला.

"बरं, वेगळं. उसात तणनाशक मारलंस?"

"मारलं. लपवायचं काय त्यात? कोवळ्या उसात तण माजलं हुतं."

"कशानं मारलंस?" बाईंनी काठीनं गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथं संभाजीचा फवारणी पंप आडवा पडला होता, आणि त्याच्या फुटक्या टाकीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"त्यो बिघाडला. हिच्या माहेराहून मागवला. काटेवाडीहून."

"तू आणायला गेलास?"

"हीच बघते ते. सकाळी उठलो तर पंप बांधावर तयार. गेणबानं मारलं."

कौसल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाईंनी फराळाचा दुसरा डबा तिला दिला. ती आत गेली, डबा रिकामा केला, विसळला, पुसला, आणि घेऊन आली तेव्हा त्यात गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे होते.

"अगं, कशाला?" बाई म्हणाल्या.

"असू द्या बाई. रिकामं भांडं परत देत न्हाईत. आमच्या आईनं हाडात बसवलंय."

बाईंनी डबा हातात धरला आणि त्यातल्या गुळाकडे पाहिलं.

"कौसल्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "काटेवाडीच्या तुझ्या भावानं ऊस मोडून गोठा घातला ना गं? गाईंना फवारायला पंप लागतो का?"

तांब्या उचलायला वाकलेल्या कौसल्येच्या हातून तो कलंडला. पाणी अंगणात पसरलं. संभाजी बाजेवरून उठला.

"काय चाललंय काय?"

त्याच वेळी वरून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"विजयसिंह निघाला," बाई म्हणाल्या. "संभाजी, चल माळावर. तूही चल गं. आत्ताच्या आत्ता."

"त्याच्या बागंत मी पाऊल ठेवणार न्हाय."

"पाइप काढायला निघालाच आहेस, तर तो कशासाठी काढतोयस ते तरी बघून घे. ऊठ!"

वर्गात ज्या आवाजानं शेवटचा बाक सरळ व्हायचा, तोच तो आवाज. संभाजीनं चप्पल पायात घातली.

६

बागेच्या वरच्या टोकाला सगळे जमले. ऋषिराजनं आपली गाडी वाटेत आडवी लावून मोटारसायकल अडवली होती. विजयसिंह त्याच्यावर ओरडत होता. संभाजी बांधाच्या कडेलाच उभा राहिला, मातीत पाय न घालता.

"विजयसिंह," बाई म्हणाल्या, "पानं सर्वांत वाकडी कुठं?"

"हितं. वरच्या ओळींत."

"मधल्या?"

"थोडी."

"शेवटच्या?"

"चांगली हाईत."

"आता फवारणी आठव. पहिली टाकी कुठं रिकामी झाली?"

"वरच्या ओळीं..." तो मध्येच थांबला.

"दुसरी?"

मिहिरच पुढं आला. "मधल्या ओळींत. म्हणजे विष बाहेरून आलंच नाही. ते टाकीतच होतं! पहिल्या टाकीला जास्त, दुसरीला कमी, मग धुवून गेलं."

"वाऱ्यानं आलं असतं तर डाग खालून वर चढला असता," बाई म्हणाल्या. "वैऱ्यानं मारलं असतं तर तो असं उतरत्या मापानं मारत बसला नसता. ज्या क्रमानं तू फवारलंस, त्याच क्रमानं पानं वाकडी आहेत. बाग तुझ्याच हातानं मारली गेली, विजयसिंह. तुला न कळता."

विजयसिंह टाकीकडे बघत राहिला. "पण टाकीत तणनाशक कसं येईल? आत निवळ पाणी हुतं. भरलेली हुती टाकी. मला वाटलं सोनमनं भरून ठेवली, म्हणून त्यातच औषध कालवलं."

"तू भरलीस का, सोनम?"

सोनमनं मान हलवली. नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आमची पाळी नव्हतीच त्या दिवशी."

"पाळी संभाजीआबांची हुती," ऋषिराज म्हणाला.

विजयसिंह गर्रकन वळला. "म्हणजे दादानंच..."

"मी भरली."

कौसल्या पुढं आली. डोईवरचा पदर घट्ट धरलेला.

"भावजी, मी भरली. आमचा पंप मोडला. तण हाताबाहेर चाललं, ह्यांचा संताप वाढत चालला. तुमी पुण्याला हुता. मी सोनमला बांधावरनं खुणावलं, एका दिवसापुरती टाकी दे. तिनं दिली. आमी दोघी जावा कधीच भांडलो न्हाय. डबे येत्यात, जात्यात. तुमा दोघांना कळू दिलं न्हाय, एवढंच. काम झाल्यावर गेणबाला घेऊन टाकी ढकलत वर आणली. बाटली बी विसळून टाकीच्या खणात ठेवली हुती, ती शेडामागं चढताना पडली असंल. टाकी माझ्या हातानं धुतली. आन् भरली, गाडीचा आवाज आला तशी वाल उघडा टाकून पळाले. दुसऱ्याची वस्तू रिकामी कशी द्यायची? माळावर पाण्याची किंमत काय असती, मला ठावं हाय. म्हटलं, आपल्या पाळीचं पाणी, तेवढंच भावजींना."

तिनं एका वाकड्या पानाला हात लावला. "त्या पाण्यानं वेली मरतील हे मला कसं कळावं? आमचा ऊस तर त्याच औषधानं चांगला वाढतोय."

"मला वाटलं खोडकिडीचं काय तरी मारायचं असंल," सोनम म्हणाली. "विचारलंच न्हाय. बांधावर उभं राहून दोन शब्दांच्या वर बोलायची सोय हुती का आमाला?"

"हे औषध एका पाण्यानं जात नाही," मिहिर हळूच म्हणाला. "नळीच्या आतल्या रबराला धरून बसतं. म्हणून उसाचा पंप वेगळा आणि द्राक्षाचा वेगळा ठेवायचा असतो. हे मी विजयसिंहांना सांगितलं होतं."

"मला म्हाईत हुतं," विजयसिंह म्हणाला. "दादाला सांगायचं राहिलं."

"राहिलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. एक वाक्य पुरलं असतं: तुझ्या टाकीतून तणनाशक मारतोय रे. हे वाक्य संभाजीनं म्हणायचं, तू ऐकायचं. ते कुणी म्हणेना, म्हणून या दोघींना गुपचूप टाकी ढकलावी लागली."

संभाजीचं तोंड काळवंडलं होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग वाकड्या पानांकडे. पहिल्यांदाच तो बांधावरून खाली उतरून बागेच्या मातीत आला आणि एका वेलीपाशी बसला. शेतकऱ्याच्या हातानं त्यानं बुंधा चाचपला.

"मरतील ह्या?" त्यानं विचारलं.

"वेली जगतील," मिहिर म्हणाला. "वरच्या ओळींचं यंदाचं पीक गेलं. खालच्या ओळींचं येईल. साहेबांना मी खरं काय ते सांगतो. वैर म्हटलं तर ते बाग सोडतील, चूक म्हटलं तर नाही सोडायचे."

विजयसिंहानं खिशातली मोटारसायकलची किल्ली सोनमच्या हातात दिली. मग तो शेडाकडे गेला. आज पाळी त्याची होती. पाइपातून पाणी बागेच्या हौदात पडत होतं. त्यानं वाल फिरवला. वरची धार बारीक झाली आणि थांबली. थोड्या वेळानं खालून, उसाच्या पाटातून, पाण्याची खळखळ ऐकू येऊ लागली.

संभाजी दचकून उठला. "अरे, पाळी तुझी हाय आज."

"ह्या द्राक्षाला दोन दिवस तहान सोसती."

"तरी पण? दारूवाल्याचं पाणी माझ्या उसाला..." संभाजीनं नजर खाली घातली.

विजयसिंह बागेतून चालत त्याच्यासमोर आला.

"वहिनींनी टाकी भरून दिली हुती, दादा," तो म्हणाला. "परत देताना रिकामी कशी देऊ?"